पांढऱ्या चड्ड्यांचं प्रकरण

मनिषने नागपूरहून येताना बहिणीसाठी पुस्तक आणलं, ते केवळ मुखपृष्ठावर फुटबॉल दिसला म्हणून. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते पडलं होतं. आत काय लिहिलंय ते त्याने उघडूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित तिथेच ठेवलं असतं.

त्याची बहीण हर्षा आसगावला अकरावीत शिकत होती आणि शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कप्तान होती. पुस्तक म्हणजे फिलोमिना नावाच्या गोलकीपरचं आत्मचरित्र होतं, मराठीत आणलेलं. गोव्यातल्या मच्छीमाराची ही मुलगी पुढे परदेशी क्लबात पगारावर खेळली. हर्षाला वाटलं होतं, यात गोल असतील, कप असतील, विमानं असतील. ते सगळं होतंच. पण ही बाई काही म्हणता काही झाकत नव्हती. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात आपण बाथरूमचा नळ सोडून रडायचो, हे तिने लिहिलं होतं. जी पेनल्टी अडवल्याबद्दल पेपरांनी तिला डोक्यावर घेतलं, ती अडवताना आपले डोळे मिटलेले होते, हेही लिहिलं होतं. प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर वजनावरून टोमणा मारल्यावर उपाशी राहून राहून ती मैदानात कशी कोसळली, ते वाचताना हर्षाचं जेवणावरचं लक्षच उडालं.

अंगणात कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं रचलेलं होतं. त्याला पाठ टेकवून ती वाचत राहायची. आई, धुरपता, हाका मारून थकायची.

मग ते प्रकरण आलं. मोठा सामना, पाळीचा दुसरा दिवस आणि अंगात पांढरी चड्डी. पूर्वार्धभर आपलं लक्ष बॉलवर नव्हतं, चड्डीवर होतं, असं फिलोमिना लिहीत होती. लांबून एक साधा फटका आला. पाय फाकवून आडवं पडायला हवं होतं. ती पडली नाही. गोल झाला. सामन्यानंतर तिने पत्रकारांना सांगितलं, मैदान निसरडं होतं. ‘मैदान कोरडं होतं,’ तिने पुढे लिहिलं होतं, ‘मी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर पुढच्या मुलींसाठी चड्डीचा रंग तरी बदलला असता.’

हर्षाने पुस्तक मिटलं आणि तडक गुंजनच्या शेतावर निघाली.

गुंजन संघातली सगळ्यात वेगवान मुलगी. बॉल पायाशी आला की कोणाच्या हाती लागत नसे. पण महिन्यातून काही दिवस ती सरावाला यायचीच नाही. पोट दुखतं म्हणायची. मागच्या वर्षी तालुक्याच्या सामन्याला तर ती सुरुवातीची शिट्टी होण्याआधीच मैदानातून निघून गेली होती. तेव्हापासून विनोद सर, म्हणजे शाळेचे क्रीडाशिक्षक, तिला ‘भरवशाची नाही’ म्हणत. भंडाऱ्याच्या जिल्हा स्पर्धेसाठी निवडलेल्या संघात त्यांनी तिचं नाव घातलं नव्हतं.

धान कापलेल्या बांधीत आता लाखोरीच्या डाळीचं पीक उगवलं होतं. गुंजन भाजीसाठी त्याचे शेंडे खुडत होती. हर्षाने तिला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसवलं आणि ते प्रकरण वाचून दाखवलं.

गुंजनने पुस्तक हातातून ओढून घेतलं. बोट ठेवून तीच पानं पुन्हा वाचली.

“हे छापलं हाय? खरंच छापलं?”

“पाय नं तूच.”

“एवढ्या मोठ्या बाईलेबी असंच झालं?” गुंजनने पुस्तक मिटलं. मग खाली पाहत म्हणाली, “त्या दिवशी मले डाग दिसला होता, हर्षा. गावचे सारे पोट्टे लाईनीवर बसून होते. कशी पळणार होती मी?”

“मंग सांगितलं काहून नाई?”

“कोणाले सांगू? सरले?”

हर्षा उठली, मागची माती झटकली. “सरलेच सांगू,” ती म्हणाली. “चड्ड्याच बदलू आपण.”

दुसऱ्या दिवशी सरावाआधी तिने सगळ्या मुलींना गोळा करून ते प्रकरण मोठ्याने वाचलं. सुरुवातीला दोघीतिघी तोंडावर ओढणी धरून हसल्या. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी हसत नव्हतं. रीना नावाची बॅक म्हणाली, “मी तं दोन चड्ड्या घालतो एकावर एक. पळताना मांड्या सोलून निघतात.” मग प्रत्येकीकडे सांगण्यासारखं काहीतरी निघालं.

विनोद सर मैदानावर आले तेव्हा सगळा संघ त्यांच्यासमोर उभा राहिला. हर्षाने विषय काढताच ते दुसरीकडे बघायला लागले.

“हे तुम्ही मॅडमशी बोला.”

“सर, मॅडम फुटबॉल नाही शिकवत. तुम्ही शिकवता.” तिने पुस्तक उघडून पुढे केलं. “एवढं वाचा फक्त.”

सरांनी उभ्याउभ्याच वाचलं. वाचून झाल्यावर त्यांची नजर गुंजनवर गेली. ती जाळीच्या खांबापाशी उभी होती. त्यांनी पुस्तक मिटून हर्षाला परत दिलं.

“किट ताराचंदजींनी दिलं आहे,” शेवटी ते म्हणाले. “लाल शर्ट, पांढरी चड्डी त्यांनीच पसंत केली. मी त्यांना कसं सांगू?”

“आम्ही सांगतो,” हर्षा म्हणाली.

ताराचंद म्हणजे गावातल्या राईस मिलचे मालक. प्रत्येक चड्डीवर भगव्या अक्षरांत त्यांच्या मिलचं नाव होतं. हर्षा आणि गुंजन मिलमध्ये गेल्या तेव्हा यंत्र धडधडत होतं, हवेत कोंडा उडत होता आणि हमाल पोती लावत होते.

“काका, चड्ड्या काळ्या कराच्या हायत,” हर्षा ओरडून म्हणाली.

“कायले? पांढऱ्यानं टीम कशी चमकते!”

“पांढऱ्यात खेळता नाई येत!”

“काय?”

“खेळता नाई येत!”

“काहून?”

हर्षाने जीव एकवटून आवाज काढला, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. यंत्र गप्पकन थांबलं.

“पाळी येते म्हणून!”

शब्द पत्र्याच्या शेडभर घुमला. पोतं खांद्यावर घेतलेला हमाल जागीच थबकला. गुंजनने हर्षाचा हात घट्ट पकडला. हर्षाला पळून जावंसं वाटलं, पण आपण आता बोललो नाही तर परत कधीच बोलणार नाही, हेही तिला कळत होतं. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी ओरडण्याची गरज नव्हती.

“पाळी येते, काका. पांढऱ्यावर डाग दिसते. त्या धाकानं आमच्या पोरी खेळत नाईत.”

ताराचंदनी गळ्यातला दुपट्टा काढून तोंडावरचा कोंडा पुसला. पुसतच राहिले.

“रंगवा,” ते म्हणाले. “पण मिलचं नाव मिटलं नाई पायजे.”

पवनीच्या बाजारातून काळ्या रंगाच्या पुड्या आल्या. हर्षाच्या अंगणात धुरपताने चूल पेटवून पाण्याने भरलेला मोठा गंज ठेवला. चड्ड्या उकळत्या रंगात गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा मुलींच्या तोंडचं पाणी पळालं. कापड सिंथेटिक, रंग धरेचना. एक चड्डी राखाडी, एक वांग्यासारखी, एकीवर ढगांसारखे पट्टे.

“हे घालून भंडाऱ्याले जाचं?” रीना रडवेली झाली.

धुरपताने काठीने एक चड्डी उचलून उजेडात धरली. “काळी नाई झाली,” ती म्हणाली, “पण पांढरी तं नाई राहिली नं? टाका वापस.”

पुन्हा रंग, पुन्हा मीठ, पुन्हा जाळ. दुपार कलेपर्यंत त्या बऱ्यापैकी गडद झाल्या. एकसारख्या मात्र नाहीच. मिलचं नाव तेवढं भगवं लखलखत होतं.

संघाच्या नावांत विनोद सरांनी गुंजनचं नाव घातलं. तिला तसं वेगळं सांगितलं नाही, फक्त सरावात तिला पुढे उभं केलं.

भंडाऱ्याच्या मैदानावर आयोजकांपैकी एका गृहस्थांनी त्यांना आत जाण्याआधीच अडवलं. “गणवेश एकसारखा नाही. नियम माहीत नाहीत का?”

हर्षा पुढे झाली, पण तिच्याआधी विनोद सर बोलले. त्यांचा आवाज जरा अडखळत होता. “एकच रंग आहे, साहेब. घरी रंगवला म्हणून कमीजास्त झाला. पाळीच्या दिवसांत मुलींना पांढऱ्यात खेळता येत नाही. म्हणून रंगवल्या.”

गृहस्थ गोंधळले. पलीकडे बसलेल्या दुसऱ्या संघाच्या मुली कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या चड्ड्या पांढऱ्याशुभ्र होत्या.

“आज खेळा,” गृहस्थ म्हणाले. “पुढचं पुढे बघू.”

आसगाव तो सामना जिंकलं. जिंकलेल्या संघाला परत विचारायला कोणी आलं नाही.

उपांत्य सामन्याच्या सकाळी गुंजनने हर्षाला बाजूला घेतलं. “आली,” एवढंच म्हणाली.

“खेळशील?”

“मंग काय बसायले आली का मी इथं?”

ती खेळली. आसगावच्या एकुलत्या गोलच्या वेळी ती डाव्या बाजूने अशी सुटली की मागच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. ती पडली, मातीत लोळली, उठून पुन्हा धावली. एकदाही तिने मागे वळून स्वतःकडे पाहिलं नाही. पण समोरचा संघ ताकदीचा होता. त्यांनी दोन गोल केले आणि आसगाव हरलं.

परतीच्या गाडीत रीना खिडकीला डोकं लावून रडत होती. विनोद सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. हर्षाला वाटलं, गुंजनही रडेल. पण गुंजन रागावली होती.

“दुसरा चान्स भेटला होता मले,” ती म्हणाली. “बॉल डाव्या पायावर आला नं, म्हणून गेला. माहा डावा पायच कच्चा हाय.”

“पोट कसं हाय?”

“दुखून राहिलं. ते जाऊ दे.” तिने बुटाची नाडी सोडून पाय सीटवर घेतला आणि डाव्या घोट्याकडे बघत राहिली. “उद्या सकाळी ग्राउंडवर ये. तू बॉल फेकशील, मी डाव्यानंच मारीन. जमेपर्यंत मारीन.”