चाकांवरची घरं

लॉर्नाने आगीचा लाल ठोकळा पटावरच्या नदीकाठच्या चौकोनात सरकवला आणि हात मांडीवर घेतले.

"संपला डाव. गाव वाचलं," तिचा जोडीदार कोल्बी म्हणाला. "मॅडम, पिझ्झा तुमच्याकडून."

मोंटानातल्या त्या कॉलेजात वणवा विझवायला शिकवणाऱ्या इन्ग्रिड हाल्वरसनने हा पट दोन हिवाळे खपून केला होता. आज डीन प्रेस्कॉट बघायला आले होते. त्यांना पटला तर खेळ अभ्यासक्रमात राहणार. नाही तर पुन्हा तीच व्याख्यानं; मुलं त्यांत झोपत आणि उन्हाळ्यात त्याच झोपाळूंच्या हाती बंब दिले जात.

वर्गातल्या तिन्ही टेबलांवर गाव वाचलं होतं. डीन खूश होते.

इन्ग्रिड मात्र पटांवर वाकली. तिन्ही टेबलांनी आग एकाच जागी सोडली होती. नदीकाठच्या ट्रेलरवस्तीवर, गरिबांच्या चाकांवरच्या घरांवर.

"सगळ्यांनी हीच जागा का सोडली?"

"तिथे गुण कुठे आहेत?" कोल्बी म्हणाला. "पाया असलेलं घर वाचवलं तर गुण. ट्रेलरला चाकं असतात, म्हणजे ते वाहन. नियम तुमचाच आहे."

नियम तिचाच होता. सरकारी नकाशात पाया असलेलीच घरं दाखवलेली; तिथूनच जसाच्या तसा उचललेला.

"ती चाकं कधी फिरलेली पाहिलीस का रे?" लॉर्ना म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आमची मातीत रुतलीत. आई त्यांच्या आडोशाला टोमॅटो लावते."

कोल्बी तिच्याकडे वळला. "मग तू कशाला जाळलंस?"

"जिंकलो नसतो तर मॅडमचा खेळ बंद झाला असता."

डीननी कोट उचलला. "उत्तम झालं. पुढच्या वर्षी सगळ्या तुकड्यांना लावू."

"थांबा, साहेब," इन्ग्रिड म्हणाली. "मुलं पुन्हा खेळतील."

"पण जिंकलीत की सगळी."

"म्हणूनच."

तिने पेटीतली उरलेली, गुणांची लाकडी घरं लॉर्नाच्या ओंजळीत ओतली. लॉर्नाने ती नदीकाठी मांडली. जागा पुरेना, तेव्हा एकमेकांना चिकटवून मांडली, तिथे असतात तशी.

कोल्बीने फासा टाकला. वारा मघाचाच, नदीकडे. त्याने बंब मोजले, पुन्हा मोजले; गाव आणि वस्ती दोन्हींना ते पुरत नव्हते. शेवटचा बंब हातात धरून बसून राहिला.

डीननी कोट खाली ठेवला आणि खुर्ची पटाजवळ ओढली.

"कुठे ठेवतोस?" त्यांनी विचारलं.