मंगळवारचा पाट

हेमालीच्या अंगात देवी येते, असं गावाने ठरवून टाकलं आणि माझं डोकं फिरलं. पोर नववीत, माझ्या वर्गात. तिचे वडील मानकोलीच्या गोदामात मागे येणाऱ्या कंटेनरखाली गेले. तेव्हापासून शाळेबाहेर ट्रक मागे घेतानाचं ते पीं-पीं सुरू झालं की हिचा श्वास कोंडतो, अंग थरथरतं. मी तिला वाचनालयाच्या कोपऱ्यात नेते, पाय जमिनीवर घट्ट टेकवायला सांगते आणि बोलेल तेवढं ऐकते. हळूहळू ती सावरत होती.

मग एका मंगळवारी ती घरीच थरथरली. तिच्या काकांनी, केसरीनाथांनी, तिला कुंकू लावून पाटावर बसवलं आणि विचारलं, जमीन गोदामाला देऊ का? घाबरलेल्या पोरीची मान हलली. सौदा जमला. झालं! दर मंगळवारी अंगणात नारळ घेऊन माणसं. आता शाळेतून नाव काढायचं म्हणे, देवी बाकावर कशी बसणार?

मी तडक त्यांच्या घरी गेले.

"विनिताबाई, तुमी मधी पडू नका. देवाचं काम हाय," काका म्हणाले.

"तिला भीती वाटते, काका. तिचा बाप गेलाय. तिला डॉक्टरांना दाखवू."

"माझा पन भाऊ गेलाय!" त्यांचा आवाज फाटला. "देवी हाय म्हटलं तर लोक पाया पडतात. डोक्याचा डॉक्टर म्हटलं तर पोरीला येडी म्हनतील."

मी रागाने उठले. मागच्या पडवीत हेमालीला गाठलं आणि कानात सांगितलं, "पाटावर बसलीस की म्हण, पोरीला शाळेत पाठवा. देवीचा शब्द कोण मोडतोय?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग देवीचं ऐकतील, बाई. माझं कवा ऐकनार?"



पुढच्या मंगळवारी मी अंगणात जाऊन बसले. रस्त्यावर ट्रक पीं-पीं करत मागे येऊ लागला. पाटावरच्या हेमालीचा श्वास अडकला.

"बोल आईमाउली," काकांनी हात जोडले.

तिने पाय पाटावरून खाली उतरवले, जमिनीवर दाबून धरले. बाहीने कुंकू पुसलं.

"मी देवी न्हाय. बाबा गेल्यापासून मला लय भीती वाटते. मला शालंत जायचंय."

"देवी कोपली!" कोणीतरी ओरडलं आणि सगळं अंगण आणखी वाकलं. मला किंचाळावंसं वाटलं.

हेमाली थरथरतच उठली. काकांपुढे गेली आणि त्यांचे जोडलेले हात तिने ओढून सोडवले.

"काका, वर बघा. मी हेमाली हाय."

त्यांनी वर पाहिलं आणि तिच्या बापाच्या नावाने हंबरडा फोडला.

तिची आई हौसा इतके मंगळवार कोपऱ्यात मुकी उभी होती. ती पुढे आली, पाट उचलून काखेत मारला आणि अंगणाला म्हणाली, "निघा आता. माझ्या पोरीची सकाली शाला हाय."