एर्रगुट्ट्याचा चढ

हिम्मतरावांना सायकल येत नव्हती. बाराव्या वर्षी गावाकडे एका भाड्याच्या सायकलवरून ते बाभळीच्या कुंपणात पडले होते, तेव्हापासून चौसष्ट वर्षं त्यांनी पायडलवर पाय ठेवला नव्हता. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई होत्या तोवर पाहुण्यांसमोर हटकून म्हणायच्या, “नाव हिम्मतराव, आणि रस्ता ओलांडायचा तर माझा हात लागतो.” पाहुणे हसायचे. हिम्मतरावही हसायचे, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

असा हा माणूस गेली दोन वर्षं आपल्या सुनेच्या लांबलांबच्या सायकलफेऱ्यांचे रस्ते आखून देत होता. कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. त्यांचं त्यांनाही वाटत नसे.

सुरुवात झाली ती सुनेच्या वैतागातून. अश्विनी पुण्याची, नोकरी संगणकाची, आणि चाळिशीनंतर तिला हा सायकलचा नाद लागला. एका रविवारी फोनमधल्या नकाशानं तिला थेट एका तळ्याच्या गाळात नेऊन उभं केलं. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन ती घरी आली आणि चिडून बोलत राहिली. हिम्मतराव आपल्या खोलीत गेले आणि कोठी बाजाराच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांबरोबर कधीतरी घेतलेला सर्वेक्षणाचा नकाशा घेऊन आले. कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्याला कागद टाकवत नसे. तळ्याच्या पाळूवरून, म्हणजे बांधावरून, जाणारी बारीक तुटक रेघ त्यांनी बोटानं दाखवली आणि घाबरत म्हणाले, “इथून वाट असावी. म्हणजे, असेल असं कागदावर तरी आहे.”

वाट होती. त्या दिवसापासून सासरा आणि सून यांच्यात बोलायला एक विषय झाला. त्याआधी सात वर्षं ‘चहा घेणार का’ आणि ‘हो’ एवढ्यावरच चाललं होतं.

त्यांची आखायची पद्धत त्यांची स्वतःची होती. रस्ता ठरला की दुपारच्या वेळी ते बरकतपुऱ्यातल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या बाल्कनीत आरामखुर्चीत पडायचे, मनगटावरचं घड्याळ पोटावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सगळा रस्ता स्वतः एकदा चालवून बघायचे. तासाला वीस किलोमीटर, चढावर नऊ. कागदावर विहिरीची खूण असली की त्यांना रहाटाचा आवाज यायचा. ताडाची झाडं असली की सावल्या अंगावरून सरकायच्या. उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या, म्हणजे चढ आला, की झोपल्याजागी त्यांच्या पिंढऱ्या ताठ व्हायच्या. असा एक रस्ता व्हायला तीन-तीन दुपारी लागत. मग ते एका अरुंद पट्टीवर बारीक अक्षरांत लिहून द्यायचे: कुठं वळायचं, कुठं पाणी, कुठला चढ किती. ती पट्टी अश्विनी हँडलला चिकटवायची.

या खेपेची पट्टी मात्र नेहमीसारखी नव्हती. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांच्या आत. सायकलवाल्यांचा तसा नियम असतो म्हणे. गेल्या जानेवारीत ती एकदा यासाठी निघाली होती, आणि चाळीस किलोमीटर उरले असताना रस्त्याच्या कडेला बसली होती. तिचा नवरा सारंग गाडी घेऊन गेला, सायकल डिकीत घातली आणि तिला घरी आणलं. त्यानंतर महिनाभर ती सायकल गॅलरीत चादरीखाली होती. यंदा निघायच्या आदल्या रात्री ती जेवताना सारंगला म्हणाली होती, “उद्या जमलं तर ठीक. नाही जमलं तर तुझ्या मित्राला, विकासला सायकल देऊन टाकायची. तो मागतोच आहे. पुरे झालं.” ती हे हसत म्हणाली नव्हती.

तर रविवारी पहाटे पाचला अश्विनी आणि तिची मैत्रीण मृण्मयी निघाल्या. सागर रोडनं इब्राहिमपट्टण, पुढं माल हे गाव, तिथून मोठं वळण घेऊन नारायणपूर, मग एर्रगुट्टा नावाची एक टेकडी ओलांडून हयातनगरवरून परत. टेकडी दीडशेव्या किलोमीटरला होती. तिथून घर पन्नास. हिम्मतरावांनी पट्टीवर लिहिलं होतं: ‘एर्रगुट्टा, चार कि.मी., १३७ मीटर. वर देऊळ. पलीकडे तळ्यावरून वारा.’

हिम्मतरावही पाचलाच खुर्चीत बसले. ती पहाट त्यांनी अंगावर शाल घेऊन चालवली. सातला त्यांच्या डोळ्यांपुढं इब्राहिमपट्टणचं तळं धुक्यातून वर आलं. साडेनऊला मालच्या चौकात त्यांनी मनातल्या मनात इडली खाल्ली, आणि त्याच सुमाराला अश्विनीचा खरा निरोप आला, ‘माल सोडलं’. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सारंगला हाक मारून दाखवलं.

“हौ बाबा, छान,” सारंग पेपरातून मान न काढता म्हणाला. “आता जेवायला तरी उतरणार ना सायकलवरून?”

जेवण झाल्यावर ते पुन्हा निघाले. नारायणपूर मागं पडलं. समोर एर्रगुट्टा आला. इथं उंचीच्या रेषा नऊ होत्या, त्यांनी मोजल्या होत्या, दोन रेषांत पन्नास फूट उंचीचं अंतर धरून हिशेब केला होता. तरी आज पायाला काहीतरी खटकत होतं. डावीकडचा ओढा इतक्या लवकर खाली कसा जातो? त्यांनी डोळे उघडले, भिंग घेतलं आणि नकाशा मांडीवर पसरला.

हा नकाशा दोन तुकड्यांचा होता. दोन कागद नीट जुळावेत म्हणून त्यांनी दुसऱ्याची कड आत दुमडून वर चिकटपट्टी लावली होती. पहिला कागद जुना, फुटांतला; एर्रगुट्टा दुसऱ्यावर. आता त्यांनी नखानं चिकटपट्टी उचकटली आणि दुमडलेली कड सरळ केली. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: दोन रेषांतील अंतर वीस मीटर.

नऊ गुणिले वीस. एकशे ऐंशी. पट्टीवर लिहून दिले होते एकशे सदतीस.

त्यांनी भिंग धरून कडेवरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

“सारंग,” ते म्हणाले, “माझ्याकडून मोठी चूक झाली रे.”

सारंगनं ऐकून घेतलं. “म्हणजे किती जास्त? त्रेचाळीस मीटर? लाइट घ्या बाबा. तिला कळणार पण नाही.”

“कळेल. दीडशे किलोमीटर झाल्यावर माणूस मोजून चढत असतो. माथा आला म्हणून ती श्वास सोडेल आणि पुढं आणखी डोंगर दिसेल. तिथंच माणूस मोडतो.”

“तुम्हाला काय माहीत, तुम्ही कधी चढलात?” सारंग सहज म्हणून गेला. “फोन करून सांगा ना मग.”

“सांगितलं आणि तिनं तिथूनच सोडून दिलं तर?”

“तर मी गाडी काढतो. नाहीतरी टाकी भरूनच ठेवलीय.”

हे ऐकून हिम्मतरावांना जास्तच वाईट वाटलं. टाकी भरून ठेवली होती म्हणजे सारंगलाही खात्री नव्हती. ते बाल्कनीत परत आले. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. आपण कोण, सायकल न येणारा म्हातारा, कुणी सांगितलं होतं दुसऱ्याच्या पायांचे हिशेब करायला? तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांच्या मनातली अश्विनी टेकडीच्या पायथ्याशी पोचली होती. त्यांनी बटण दाबलं.

खरी अश्विनीही तिथंच होती.

“बाबा? मी सारंगलाच लावत होते.” तिचा आवाज कोरडा होता. “चिंचेखाली बसलेय. दोन्ही पायांत गोळे आलेत. मृण्मयीला पुढं पाठवलं, ती हयातनगरला थांबेल. गाडी पाठवायला सांगता का?”

“सांगतो. पण त्याआधी मला एक सांगायचंय.” आणि त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. दुमडलेली कड, फूट, मीटर, त्रेचाळीस.

पलीकडून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती की रडत होती ते त्यांना कळेना.

“बाबा, मला पाच मीटर चढवत नाहीये, आणि तुम्ही त्रेचाळिसाची माफी मागताय!”

“चूक ती चूक.”

“बरं. झाली.”

हिम्मतरावांनी डोळे मिटले. टेकडी समोर होती, तीन-तीन दुपारी चालवलेली, दगडन्‌दगड ओळखीची. “अश्विनी,” ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं, “गाडीला यायला दीड तास तरी लागेल. तोवर बसून काय करशील? मी आहे बरोबर. पहिल्या रेषेपर्यंत जाऊ. नाही जमलं तर उतरू.”

“कानात इअरफोन घालते. थांबा.”

मग खरखर झाली, साखळीची टकटक झाली, आणि ते निघाले.

“सुरुवातीला सपाट वाटेल, पण सपाट नाही ते. हलका गिअर ठेव. डावीकडे ओढा आहे, पाणी नसेल, पण वाळू दिसेल. ही पहिली रेषा. झाली. आता रस्ता उजवीकडे वळतो, टेकडी तुला खांद्यावर घेते. घाई नको. इथं ताडाची तीन झाडं, मी तिथं दर वेळी पाणी पितो.”

“पिते,” अश्विनी म्हणाली.

“दुसरी. तिसरी. आता जरा छाती भरून येईल. रेषा जवळ आल्या आहेत. उभं राहू नकोस पायडलवर, बसूनच. एक, दोन. एक, दोन.”

हिम्मतरावांचा श्वास लागला होता. कपाळावर घाम होता. आतल्या खोलीतून सारंग दारात येऊन उभा राहिला आणि बापाचे दोन्ही पाय शालीखाली हलताना बघत राहिला. गाडीची किल्ली त्याच्या हातातच राहिली.

“कसला आवाज येतोय?” हिम्मतरावांनी विचारलं. पलीकडे काहीतरी घरघरत होतं.

“लॉऱ्या आहेत. तुम्ही थांबू नका, बोला.”

“सहावी रेषा. आता तो भाग, जिथं माझा हिशेब संपत होता. इथं माथा आला असं वाटेल. आलेला नाही. वर बघू नकोस, पुढच्या चाकाकडे बघ. देवळाचा कळस दिसतोय?”

जरासा वेळ गेला. “हं,” अश्विनी म्हणाली. “पुढं?”

“सात. आठ. हे शेवटचं वळण. दगड तांबडा होत जाईल, म्हणून तर नाव एर्रगुट्टा. नऊ. आलो, अश्विनी. आलो आपण. आता खाली तळं बघ. पायडल मारू नकोस. वारा येईल समोरून, तो गळ्यात घे, आणि सोड सायकल.”

“सोडते,” ती म्हणाली, आणि फोन तुटला.

तीन वाजून बेचाळीस मिनिटं. हिम्मतराव खुर्चीत तसेच पडून राहिले. सारंगनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यांनी एका घोटात संपवला. उरलेले पन्नास किलोमीटर त्यांच्याच्यानं काही चालवले गेले नाहीत. ते नुसतेच बसून राहिले. खालच्या रस्त्यावर रविवारची संध्याकाळ जमत गेली.

मुदत साडेसहाची. सहा एकवीसला फाटकाशी घंटी वाजली.

अश्विनी पायापासून केसांपर्यंत पांढरी झाली होती, पीठगिरणीतून उचलून आणल्यासारखी. मृण्मयी तिला धरून हसत होती. सारंगनं सायकल खांद्यावर घेतली आणि दोन मजले चढवली. गॅलरीत भिंतीला टेकवून त्यानं फोन काढला. “विकासभाई? नक्को रे. नाही द्यायची. हौ, कधीच नाही.”

अंघोळ करून अश्विनी बाल्कनीत आली ती लंगडत. खुर्चीशेजारी खाली फरशीवरच बसली. तिनं हातातला मुठीएवढा तांबूस दगड नकाशावर ठेवला, बरोबर त्या नऊ रेषांच्या मधोमध.

“बाबा, एक सांगू? तुम्हाला वाईट वाटेल.”

हिम्मतरावांचा चेहरा लगेच पडला. “आणखी एक चूक?”

“टेकडी नाहीये तिथं.”

“नाहीये म्हणजे?”

“खाण आहे. दगडाची. टेकडी कापून नेली सगळी, देऊळही कुठं दिसलं नाही. क्रशर चालू होते, लॉऱ्या होत्या, आणि रस्ता म्हणून चार किलोमीटर नुसती सपाट खडी. चाक रुतत होतं, पुढचं दिसत नव्हतं धुळीनं.”

हिम्मतराव त्या दगडाकडे बघत राहिले. मग त्यांना हळूहळू आठवत गेलं, ताडाची झाडं, कळस, ती शेवटची वळणं. कान तापले. “आणि मी तुला तिथं, एक दोन, एक दोन... मग तू बोलली का नाहीस?”

“पहिल्या वळणालाच बोलणार होते.” ती गुडघ्यावर हनुवटी टेकवून बोलत होती. “पण तुम्ही पाणी प्यायला थांबलात. मला वाटलं, त्या खडीतून जायचं तर कशासाठी जायचं? त्यापेक्षा तुमच्या टेकडीवरून जावं. डोळ्यांनी खाण बघत होते, पाय तुमच्या चढावर होते. गंमत सांगू, बसूनच मारला सगळा. उभी नाही राहिले.”

खाली कुणीतरी स्कूटर चालू केली, ती दूर गेली. हिम्मतरावांनी सवयीनं पेन्सिलीमागचं रबर शोधलं, दगड उचलला, त्या नऊ रेषांवर रबर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मग रबर खिशात घातलं आणि दगड परत जागेवर ठेवला.

“म्हणजे पलीकडे उतारही नव्हता,” ते म्हणाले.

“कसा असेल?”

“आणि तळ्यावरचा वारा?”

अश्विनीनं डोळे मिटले होते. तिला तिथंच झोप येत होती.

“वारा होता, बाबा,” ती म्हणाली.