हिरीबाईचं निघणं

“आत्या, मले रडूच येऊन नाही राह्यलं,” नवरी पल्लवी हिरीबाईच्या कानाशी कुजबुजली.

बाया खुसखुसल्या. मांडवाच्या तोंडाशी फुलं लावलेली गाडी घरघरत होती, आणि नवरी बापाच्या गळ्यात हात टाकून नुसतीच उभी. ढावलो गायल्याशिवाय बंजाऱ्याची लेक तांड्यातून निघत नाही. एकेकाच्या गळ्यात पडून, सूर लावून रडायचं, तेव्हा कुठं माहेर सुटतं.

“अकोल्याच्या दवाखान्यात नर्स हाय ना, दुसऱ्यायचं रडणं आयकून आटली पोरगी,” एकीनं टोमणा मारला.

हिरीबाई सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. ओसरीवरून चुलीकडे, चुलीकडून मांडवात. सूर घशाशी येऊन बसला होता, आणि तो पल्लवीसाठी नव्हता.

ऐन तरुणपणी ती मानोऱ्याच्या राजपालसोबत पळून गेली होती. तांड्याची नसाब, म्हणजे पंचायत, बसली. पंचांनी लग्न मान्य केलं. पण पळून गेलेलीला ढावलो नाही, हेही तिथंच ठरलं. तेव्हापासून तिचं माहेर धड सुटलं नाही, धड राहिलं नाही. भाऊ अमरसिंग, पल्लवीचा बाप, सणाला बोलावी, जेवू घाली. डोळ्याला डोळा मात्र कधी दिला नाही.

“सूर धरून दे ना वं, आत्या.”

हिरीबाईनं भावाला आळवणारा सूर धरला. “वीरा रे, तुह्या ताटातली भाकर आता कोन मोडंल...” पल्लवीनं पहिली ओळ उचलली, दुसरीला तिचा आवाज फाटला, आणि मग पोर खरोखरच रडली. गाडी धूळ उडवत गेली. बाया पदर सावरत पांगू लागल्या.

हिरीबाईचा सूर थांबेना. तशीच गात ती चालत गेली आणि खुर्चीवर बसलेल्या अमरसिंगच्या गळ्यात पडली.

“हिरे, नवरी गेली ना,” तांड्याच्या नायकाची बायको जमनाबाई म्हणाली. “आता हे कोनाचं लगन?”

“माह्यं.”

“तुले ढावलो नाही. पंचायनं सांगतलं हाय.”

“सांगणारे सारे मेले, जमने. मी जित्ती हाय.”

कोणी हसलं नाही. हिरीबाई गात राहिली. पाणवठ्याला, गोठ्यातल्या वासराला, निरोप न घेता सोडलेल्या आईला तिनं एकेक ओळ वाहिली. अमरसिंग ताठ बसून होता. त्यानं तिचे हात सोडवले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही.

ओळी सरल्या. ती तोंड पुसून बाजूला झाली.

“न्याले कोन आलं तुले?” अमरसिंगनं तिच्याकडे बघत विचारलं.

“आता कोन येईन, वीरा? ते होळीच्या आंधीच गेले. तू त मातीले आला होता.”

“माहीत हाय. इचारायची रीत हाय, म्हनून इचारलं.”

त्यानं पायांनीच चपला चाचपल्या, काठी उचलली. “चाल. लेकीले शिवेवरी पोचवा लागते.”

फाट्यावर ऑटो मिळायचा होता. ती पुढं निघाली. निघालेल्या लेकीनं मागं वळून पाहायचं नसतं, म्हणून तिनं पाहिलं नाही. मागून काठीचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता.

हिरीबाईनं पाऊल आखूड केलं.