क्लासची गाडी शर्यतीत उतरली

माझ्यात ब्रेकची पेडलं दोन आहेत. एक उजवीकडे, चालवणाऱ्याच्या पायाशी. दुसरं डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. उजव्या पेडलच्या रबरावरच्या रेघा अजून बोटाला लागतात. डावीकडचं रबर मात्र घासून गुळगुळीत झालं आहे आणि मधोमध लोखंड दिसू लागलं आहे. म्हणजे आयुष्यात मला जेव्हा जेव्हा थांबवलं गेलं, तेव्हा बहुतेक वेळा ते चालवणाऱ्यानं नव्हे, शेजारी बसलेल्यानं थांबवलं.

मित्रांनो, यावरून तुम्ही ओळखलं असेलच. मी सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या ड्रायव्हिंग क्लासची जुनी गाडी आहे. ‘जुनी’ हा शब्द मी स्वतः वापरला आहे. दुसऱ्या कोणी वापरला तर मला खपत नाही.

कारखान्यात माझा पत्रा यंत्रांच्या हातांनी जोडला गेला. मला रंगाच्या हौदात बुडवून भट्टीत वाळवलं. त्या दिवशी माझ्या पुढे आणि मागे हुबेहूब माझ्यासारख्याच गाड्या उभ्या होत्या. आमच्यात फरक पडला तो नंतर, ज्यानं त्यानं आम्हाला जसं वापरलं तसा.

मला निंगप्पांनी घेतलं. त्यांनी डावीकडे दुसरा ब्रेक बसवून घेतला, टपावर क्लासची पाटी लावली, पुढे-मागे शिकाऊ गाडीचं लाल ‘L’ अक्षर चिकटवलं आणि दुसऱ्याच दिवशी मला कामाला जुंपलं. नवशिक्यांच्या हाती पडणं म्हणजे काय, हे ज्या गाड्यांना एकच मालक मिळतो त्यांना कळायचं नाही. क्लच अर्धा दाबून ठेवणारे, तिसऱ्या गिअरमध्ये उठवू पाहणारे, उजवीकडे वळताना वायपर लावणारे, असे सगळे मी सोसले. निंगप्पांचा मंत्र एकच होता.

“हळू. हळू. पुढं म्हस हाय. ती तुला बगणार न्हाय, तू तिला बग.”

एका मावशींनी पहिल्याच दिवशी मला सरळ उसाच्या रसाच्या गाड्यावर नेलं. निंगप्पांनी ब्रेक दाबला. मी वीतभर अंतरावर थांबले. मावशींनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, “थांबलोच हाय तर एकेक गिलास घेऊ की, सर.”

त्या मावशी पुढे पास झाल्या. पास झालेला प्रत्येक जण माझ्या बॉनेटला हात लावून जायचा. कोणी पेढा ठेवायचा, कोणी नुसतं थोपटायचा. पेढा अर्थातच मांजर खायचं.

मग क्लाससाठी नवी गाडी आली. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. टपावरची पाटी काढून तिच्या टपावर लावली आणि मला घराशेजारच्या बोळात उभं केलं. उभी असलेली गाडी विश्रांती घेते असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. टायर एकाच जागी दबून चपटा होतो, बॅटरी उतरते, पेट्रोल शिळं होतं, ब्रेकवर गंज धरतो. गाडी उभ्या उभ्याही झिजते, फक्त तिचा कुणाला उपयोग होत नाही.

त्या बोळात बसवराज येऊ लागला. होटगी रस्त्यावर त्याचं भंगाराचं यार्ड आहे. माणूस वाईट नाही, पण त्याची नजर गाडीवर पडली की ती आधी पत्रा मोजते.

“मामा, म्हातारी वजनावर जाईल. कधी उचलू?”

“श्रावण सरू दे,” निंगप्पा म्हणाले.

श्रावण सरला. बसवराज परत आला.

“गणपती जाऊ देत,” निंगप्पा म्हणाले.

त्यांच्या तोंडून ‘हो’ निघत नव्हतं आणि ‘नाही’ही निघत नव्हतं. घरातलं कोणी विचारलं तर ते चष्मा पुसत बसायचे. मी मात्र रोज ऐकत होते, कारण प्रश्न माझ्या जिवाचा होता.

असंच वर्ष सरत आलं, आणि बोळातून मला बाहेर काढलं ते त्यांच्या लेकीनं, सिद्धेश्वरीनं. क्लासची बायकांची बॅच ती शिकवते. होटगीच्या माळरानावर या वर्षी स्टॉक कारची स्पर्धा भरणार असल्याचं तिनं ऐकलं होतं. स्टॉक कार म्हणजे शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली नव्हे, तर दुकानात मिळते तशी साधी गाडी. तिच्या काचा काढायच्या, जादा सीट काढायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि मुरमाच्या लांबट गोल वाटेवर फेऱ्या मारायच्या. दर शर्यतीला मागे राहणाऱ्या गाड्या बाद. उरतील त्यांची फायनल.

“लोकं काय म्हणतील?” निंगप्पा म्हणाले. “बाप जल्मभर हळू चालवा म्हणून शिकवतो आन् लेक तिकडं धुरळा उडवती.”

“अप्पा, ज्याला जोरात चालवायचंय त्यानं रस्त्यावर नको, मैदानात चालवावं. हेपण शिकवायलाच पाहिजे की.”

निंगप्पा चष्मा पुसू लागले. “एक शर्यत,” ते म्हणाले. “मग बसवराजला काय सांगायचं ते सांगतो.”

एक शर्यत झाली, मी बाद झाले नाही. दुसरी झाली, तरी नाही. तुम्हाला वाटेल मी फार वेगवान असेन. तसं नाही. सरळ वाटेवर मोठ्या गाड्या मला सहज मागे टाकत. पण वळणावर हलकी गाडी कमी घसरते, आणि सिद्धेश्वरी ब्रेक उशिरा पण बेतानं दाबायची. शिवाय नवशिक्यांनी मला इतके धक्के दिले होते की शर्यतीतले धक्के मला पाहुणचारासारखे वाटत. लोक हसत होते, “क्लासची गाडी आली, बाजूला व्हा!” हसू देत. हसणारे कठड्यामागे होते आणि मी वाटेवर होते.

बसवराजही स्पर्धेत होता. यार्डात आलेली एक दणकट, मोठ्या इंजिनाची गाडी त्यानं तयार केली होती.

“अक्का, दम लागला तर सांगा,” तो सिद्धेश्वरीला म्हणायचा. “काटा तयार ठेवलाय. हितंच वजन करू.”

“आधी स्वतःचं कर,” ती म्हणायची. “वळणावर गाडी झुकती तुझ्या बाजूला.”

असं करत आम्ही शेवटच्या आठांत आलो. आठांतून चार निवडायची शर्यत नेमकी दसऱ्याच्या दिवशी आली.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची आणि गाड्यांची पूजा होते. गेल्या वर्षी बोळात पडले होते तेव्हा माझ्या वाट्याला नुसतं हळदकुंकू आलं होतं. या वर्षी निंगप्पांनी झेंडू आणि आंब्याच्या पानांचा मनगटाएवढा जाड हार आणला आणि माझ्या तोंडावरच्या जाळीवर आडवा चढवला. खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वरी जाळीपाशी वाकली. “हार काढते, अप्पा. मागं रेडिएटर आहे. त्याला वारा लागला पाहिजे.”

“दसऱ्याचं सोनं वाटल्याबिगर पूजेचा हार काढत न्हाईत.”

तिची आई, गिरिजाबाई, दारातून म्हणाल्या, “आन् पळताना सुटला, पोरीच्या तोंडावर आला, म्हंजे?”

निंगप्पांना ते पटलं. त्यांनी बांधायची तार आणली आणि हार ठिकठिकाणी इतका घट्ट आवळला की पक्कड घेतल्याशिवाय कोणाला सोडवता येऊ नये. माझं भलं व्हावं म्हणूनच केलं सगळं.

मैदानावर तपासनीस आले. त्यांनी पिंजरा हलवून पाहिला, पट्टा ओढून पाहिला, हाराला नमस्कार केला आणि पुढच्या गाडीकडे गेले.

झेंडा पडला. सुरुवातीला आम्ही पाचवे होतो आणि आमच्या पुढे चौथा बसवराज होता. सिद्धेश्वरीनं मला त्याच्या गाडीच्या अगदी मागे चिकटवलं. पुढची गाडी हवा फाडत जाते, त्यामुळे मागच्या गाडीला कमी जोर लावावा लागतो. मोठ्या इंजिनामागे लहान इंजिनानं टिकायचं तर हा एकच उपाय. पण त्यात एक मेख आहे. जी हवा मला अडवत नाही, तीच हवा माझ्या रेडिएटरलाही मिळत नाही. जी थोडीफार येत होती ती हारानं अडवली. झेंडूच्या पाकळ्या सुटून जाळीत गेल्या, त्यावर मुरमाचा धुरळा बसला. माझ्यातलं पाणी तापू लागलं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला.

कठड्यापाशी उभ्या असलेल्या निंगप्पांनी माझ्या तोंडातून निघणारी वाफ पाहिली. मग हार पाहिला. पुढच्या फेरीला मी तिथून गेले तेव्हा ते तोंडावर हात धरून उभे होते. त्याच्या पुढच्या फेरीला ते दोन्ही हात हलवत ओरडत होते, “थांबीव! सिद्धी, थांबीव! नग आपल्याला!”

त्यांचा पाय जमिनीवर आपटत होता. पण तिथं पेडल नव्हतं.

थांबणं म्हणजे बाद होणं, आणि बाद होणं म्हणजे माझ्यासाठी भंगाराचं यार्ड, हे मला आणि तिलाही ठाऊक होतं. तिनं काट्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून डॅशबोर्डवरची एक खिट्टी उजवीकडे टोकापर्यंत सरकवली. तो हीटर होता. सोलापुरात गाडीचा हीटर कोण लावतं? पण हीटर उष्णता तयार करत नाही, मित्रांनो. तो इंजिनातलं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या लहान रेडिएटरमधून फिरवतो आणि त्याची ऊब आत सोडतो. म्हणजे माझी जितकी उष्णता तिनं स्वतःच्या अंगावर घेतली, तितकी माझ्यावरची कमी झाली.

वर ऑक्टोबरचं ऊन, अंगात जाड सूट, डोक्यावर हेल्मेट आणि गुडघ्यांवर भट्टीसारखी हवा. तिचा श्वास मला ऐकू येत होता. “नडी,” ती दात आवळून म्हणत होती, निंगप्पा मला बैलासारखं हाकताना कानडीत म्हणायचे तसं. “नडी, नडी.” चल, चल.

काटा लाल पट्ट्याच्या कडेला येऊन थरथरला. तिथंच राहिला. मागे आला नाही, पण पुढेही गेला नाही. मला म्हातारी म्हणणाऱ्यांनो, बघा.

शेवटच्या वळणावर बसवराजची गाडी तिच्या वजनानं बाहेर घसरली. तेवढी फट आम्हाला पुरली. रेघ ओलांडली तेव्हा त्याच्यापुढे माझं नुसतं नाक होतं, पण होतं. आम्ही चौथे. आम्ही फायनलमध्ये.

आणि मग माझ्या आत काहीतरी फुटलं. पांढऱ्या धुराचा लोट निघाला. सिद्धेश्वरीनं तात्काळ इंजिन बंद केलं. गिरिजाबाईंनी कळशीभर पाणी आधी लेकीच्या डोक्यावर ओतलं आणि मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “आता बांधा अजून तार.”

 निंगप्पांनी कुणाकडून तरी पक्कड आणली, माझ्यापुढे खाली बसले आणि एकेक तार तोडून तो भाजलेला हार काढला. अजून सोनं वाटायचं होतं. त्यांना कोणी आठवण करून दिली नाही.

बसवराज आला. त्यानं तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल दुधाळ झालं होतं.

“हेडचं गॅस्केट गेलं, मामा. पाणी तेलात उतरलंय. इंजिन खोलायला लागंल, आन् ते खोलायच्या लायकीचं हाय का, ते तुमीच बगा.” त्यानं कपाळ पुसलं. “मी खोटं बोलत न्हाय. तुमी न्हाई उतरला तर फायनलला माझा नंबर लागतो, ह्ये बी सांगून टाकतो. पण गाडी खरंच संपली हाय. टेम्पो बोलावलाय.”

टेम्पो आला. माझ्या पुढच्या कडीला दोरखंड लागला.  सिद्धेश्वरी ओल्या केसांनी बापाकडे बघत होती. तिनं मागितलं काहीच नाही.

त्या वेळी माझ्या मनात जे होतं ते तुम्हाला सांगते, मित्रांनो. मला दया नको होती. आजही नको. दया करणारे गाडीवर कापड टाकतात आणि विसरून जातात. तेल वेळेवर बदला, पाणी बघा, जाळी मोकळी ठेवा, आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा, एवढंच मागणं आहे. मग आम्ही मोडलो तर मोडू द्या. कामाची वस्तू काम करताना मोडली तर त्यात तिचा अपमान नाही. ती दुरुस्त होण्यासारखी असताना ‘जुनी झाली’ म्हणून फेकणं, यात मात्र आहे. माझ्यात अजून चार धड चाकं होती, सरळ सांगाडा होता, आणि एक फायनल बाकी होती.

टेम्पोवाल्यानं विचारलं, “कुटं सोडू? यार्डात?”

बसवराजनं निंगप्पांकडे पाहिलं. निंगप्पांनी चष्मा काढला. पण पुसला नाही. हातात तसाच धरून ते म्हणाले,

“भवानी पेठेत सोड. ही गाडी मी कुणाला देत न्हाय. उद्या इंजिन खोलतो, आन् फायनलला माझी लेक हीच पळवणार.”