बाळाच्या पेटीजवळचा फोन

तेल्हाऱ्याची आकांक्षा अकोल्याच्या दवाखान्यात बाळंत झाली, तीही दिवस भरायच्या आधीच. बाळाला श्वास पुरेना, म्हणून त्याला तातडीनं त्याच दवाखान्याच्या अमरावतीच्या शाखेत हलवलं. नवरा, जीवन, सोबत गेला. सिझरचे टाके ओले असल्यामुळे आकांक्षा मागेच राहिली. तिनं बाळाला धड पाहिलंही नव्हतं.

रिसेप्शनवर बसणाऱ्या प्रणालीला हे आकांक्षाच्या सासूकडून, मैनाबाईंकडून कळलं. थर्मासमध्ये चहा घ्यायला त्या खाली यायच्या आणि काउंटरला टेकून उभ्या राहायच्या.

"पोरगी बोलूनच नाही राहिली वं," त्या म्हणाल्या. "भितीकडं तोंड करून पडली हाये. जीवन काचंतून फोटो काढून पाठोते, तं मोबाइल पालथा ठेवते."

"त्यांना बाळाशी बोलू द्या ना, मावशी."

"कसं बोलू देऊ, बाई? तिथं अंदर मोबाइल नेऊ देत नाही."

मोबाइल नेऊ देत नाहीत, पण तिथल्या सिस्टरांच्या टेबलावरचा फोन तर आतच असतो, प्रणालीच्या मनात आलं. दवाखान्यात नुकतेच इंटरनेटवर चालणारे फोन बसले होते. दोन्ही शाखा एकाच सर्व्हरवर. ते बसवणाऱ्या अमोलनं त्यातल्या सोयी समजावल्या, तेव्हा तिचं लक्ष अर्धंच होतं. आता तिनं त्यालाच गाठलं.

"दादा, घंटी न वाजता फोन आपोआप उचलला जातो, असं काहीतरी सांगितलं होतं ना तुम्ही?"

"इंटरकॉम. काहून, कोणाले दचकवाचं हाये?" तो हसला. कारण कळल्यावर मात्र त्याचा आवाज खाली आला. "थांब. सुरुवातीले टूं वाजते, थे बी बंद करून देतो. लेकरं झोपेल असतीन."

प्रणालीनं विचारलं, तेव्हा अमरावतीच्या बाळांच्या विभागातल्या संध्या सिस्टरनी आधी साफ नकार दिला. मग डॉक्टरांना विचारून त्यांनीच परत फोन केला. दुपारी, थोडा वेळ, अगदी हलक्या आवाजात. फोन स्पिरिटनं पुसून, स्वच्छ पिशवीत घालून त्या बाळाच्या काचेच्या पेटीजवळ ठेवणार होत्या.

इकडे वॉर्डात फोन नव्हता, पण नेटवर्कचं सॉकेट होतं. प्रणालीनं आपल्याकडे येणारे कॉल शेजारच्या बिलिंगवर वळवले, फोन वायरसकट उचलला आणि वर नेऊन आकांक्षाच्या खाटेशी जोडला. थोड्या वेळानं फोनच्या स्क्रीनवर रिसेप्शनचाच नंबर उमटला, म्हणजे तो इथूनही चालू झाला होता.

"लावते हं ताई. सरळ बाळाजवळ उघडेल."

आकांक्षानं मान वळवली नाही. लाइन उघडली. मशीनची बारीक टिकटिक ऐकू आली आणि मागून सिस्टर हळूच म्हणाल्या, "बोला, आई."

तिला आई म्हणणारं हे पहिलंच कोणी. आकांक्षा कुशीवर वळली. ओठ हलले, पण आवाज फुटेना. प्रणालीनं फोन तिच्या उशीजवळ सरकवला.

"बापू," अखेर आकांक्षा म्हणाली. "मी हाओ ना. मले येऊ देऊन नाही राहिले रे, नाहीतं कवाचीच आली असती. टाके सुकले का येतो. तवरोक नीट श्वास घे. भेऊ नको. मी बी नाही भेत." आणि तिथंच तिला रडू कोसळलं.

"त्यानं मूठ उघडली बरं का," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या आवाजानं की आपसूक, ते देव जाणे. पण उघडली."

मैनाबाईंना राहवेना. फोनवर वाकून त्या ओरडल्या, "मी आजी हाओ रे!"

"हळू, मावशी!" दोन्हीकडून एकदमच आवाज आला आणि आकांक्षा रडता रडता हसली.

मग रोज दुपारी फोन वर जाऊ लागला. आकांक्षा उठून बसली, जेवू लागली. दूध काढून ये-जा करणाऱ्या जीवनसोबत पाठवू लागली. टाके निघाल्यावर ती स्वतःच अमरावतीला गेली. बाळानं वेळ घेतला, अधूनमधून सगळ्यांना घाबरवलंही, पण शेवटी ते घरी आलं.

बारशाला प्रणाली रजा टाकून तेल्हाऱ्याला गेली. आकांक्षानं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. त्याच्याशी बोलायचं प्रणालीच्या मनात खूप होतं, पण तो गाढ झोपला होता. तिनं त्याचं टोपडं सारखं केलं आणि मांडी न हलवता बसून राहिली.