फळीवरच्या सव्वीस मिस्सा

१९७२च्या सप्टेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी मेदिंगच्या गल्लीतल्या प्रत्येक टीव्हीवर एकच कार्यक्रम लागला होता: काळ्या-पांढऱ्या मुंग्या. पोरं कार्टून बघायला लवकर उठली होती. त्यांनी बटणं पिरगाळली, खोक्याला थपडा मारल्या, छपरावर चढून एरियल हलवली. मुंग्या काही हटेनात. रेडिओ मुका होता आणि वर्तमानपत्र आलंच नव्हतं.

मेदिंगनं कॉफीत पांदेसाल पाव बुडवून उभ्याउभ्याच खाल्ला आणि भाड्याची जीपनी गाडी पकडून केसोन सिटीतलं आपलं टीव्ही केंद्र गाठलं. केंद्र सुरू झाल्यापासून बारा वर्षं ती तिथली टेपांची खोली सांभाळत होती. फाटकाला साखळी होती, साखळीला कुलूप होतं आणि कुलपापाशी बंदूक घेतलेला मिसरूड न फुटलेला शिपाई उभा होता.

"मावशी, घरी जा. केंद्र बंद आहे."

"कुणी बंद केलं?"

"वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे? देवाकडून?"

शिपाई ओशाळला, पण बाजूला झाला नाही. मेदिंग परतली तेव्हा घरासमोर शेजारणी जमल्या होत्या. लष्कराच्या दोन जीपगाड्या येऊन तिच्या धाकट्या भावाला, सांतोला, घेऊन गेल्या होत्या. चप्पलसुद्धा घालू दिली नव्हती. संध्याकाळी मुंग्या गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष पडद्यावर आले. देश वाचवण्यासाठी लष्करी कायदा लावलाय, म्हणाले. मेदिंगला संतापानं हसू फुटलं. सांतोपासून देश वाचवला होता!

कारण सांतो होता कोण? टीव्हीवरचा न्हावी. दर बुधवारी पांढरा एप्रन बांधून तो लुटुपुटीच्या खुर्चीत कुणा बड्या धेंडाची हजामत करायचा आणि करता करता तांदळाच्या भावापासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यांची बिनपाण्यानं करायचा. जुलैत महापूर आला, अर्धं लुझोन बेट पाण्याखाली गेलं, तेव्हा त्यानं केलेला प्रवेश तर लोकांना तोंडपाठ झाला. स्टुडिओत खरंच पाणी सोडलं होतं, आधी गुडघाभर, मग चढत जाणारं. खुर्चीतला नेता म्हणतो, "पूर? कुठाय पूर? मला तर दिसत नाही!" न्हावी म्हणतो, "बरोबर आहे साहेब," आणि पायानं दांडा दाबून खुर्ची वीतभर वर चढवतो. नेता दर वेळी नाही म्हणतो, खुर्ची दर वेळी वर जाते. शेवटी नेता छताला टेकतो आणि न्हावी गळ्यापर्यंत पाण्यात. हसून हसून कॅमेरावाल्याचा हात हलला होता, आणि ते हलणंही टेपेत आलं होतं.

ही टेप मेदिंगनं लपवून ठेवली होती, आणि ती कशी, तेही सांगायला हवं. टेपा परदेशातून यायच्या, महाग पडायच्या. म्हणून थोडे निवडक कार्यक्रम सोडले, तर पंधरा दिवस झाले की जुना कार्यक्रम पुसायचा आणि त्याच टेपेवर नवा घ्यायचा, ही केंद्राची रीत. पुसण्याचं काम इंजिनीयर हेर्मोकडे. पण हेर्मो हा दर पहाटे चर्चला जाणारा माणूस. टेपेच्या डब्यावर 'नाताळची मिस्सा' असं लिहिलेलं दिसलं की तो छातीवर क्रूस काढायचा आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. चर्चमधली देवाची पूजा पुसायची म्हणजे हात झडायचे! मेदिंगनं हे हेरलं होतं. तिनं पुराच्या टेपेवर 'नाताळची मिस्सा, १९६९' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, वर चांदणीकंदिलाचं चित्र काढलं आणि डबा खालच्या फळीवर सरकवला.

नोव्हेंबरात केंद्र पुन्हा उघडलं. नाव नवं, भिंतींवर शिस्तीच्या पाट्या, आणि साहेबाच्या खुर्चीत मेजर बुएनाफे. टेपांच्या खोलीची कुणाला अक्कल नव्हती म्हणून मेदिंगला बोलावून घेतलं. पहिलाच हुकूम सुटला: जुनं सगळं पुसा. नाटकं, गाणी, विनोद, बातम्या, सगळं. हेर्मोचं यंत्र तीन आठवडे घुमत होतं. मेदिंग डबे आणून द्यायची आणि यादीत फुल्या मारायची. माणसांची बारा वर्षांची मेहनत, आणि ती पुसायला टेपेमागं मिनिटभरही लागत नव्हतं. रडायचीही सोय नव्हती, दारात शिपाई उभा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मिस्सांची फळी मात्र मेजरनं राखली. उलट तो खूशच झाला. "सव्वीस मिस्सा! वा, फार धार्मिक केंद्र आहे हे."

मेदिंगनं मनात मोजलं. बारा वर्षांत सव्वीस नाताळ? मेजरला बेरीज-वजाबाकी येत नव्हती हे नशीब.

डिसेंबरच्या मध्याला मेजर स्वतःच खोलीत आला. "मेदिंगताई, यंदा संचारबंदीत लोकांनी मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचं कसं? आपण घरबसल्या दाखवू. एखादी जुनी." त्यानं फळीवरून बोट फिरवलं आणि बरोब्बर कंदिलाच्या चित्रावर थांबवलं. "ही. अक्षर किती छान! उद्या चार वाजता मी बघून घेतो." टेपेच्या चकतीवर कोरलेला नंबर त्यानं आपल्या कागदावर उतरवून घेतला. कोऱ्या टेपा त्याच्याच कपाटात कुलपात होत्या. म्हणजे अदलाबदलीची वाटही बंद.

आणि त्याच आठवड्यात कैद्यांच्या लष्करी छावणीतून निरोप आला होता की नाताळाआधी सोडायच्या माणसांच्या यादीत सांतोचं नाव आहे. टेप लागली की ते नाव खोडायला एक पेन्सिल पुरली असती.

तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी हेर्मोला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"तू देवाच्या नावावर खोटं लिहिलंस?"

"लिहिलं. आता ओरडू नकोस. एक खरी मिस्सा काढून दे, ती दाखवून मेजरचं मन वळवू."

त्यांनी दार लावून एकेक टेप यंत्रावर चढवली. 'मिस्सा, १९६४' निघाली मुष्टियुद्ध. 'मिस्सा, १९६६' मध्ये मेकअपवाल्या लुसिंगची लेक गाण्याच्या स्पर्धेत गात होती. ती पोर पुढं तापानं गेली. 'मिस्सा, १९६१' म्हणजे बास्केटबॉलचा अंतिम सामना. कुणाचा पहिला नाच, कुणाचं शेवटचं नाटक. जो तो हेर्मोची भक्ती ओळखून होता आणि जो तो समजत होता की ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली. पंचविसावी टेप संपली तरी पाद्री काही दिसला नाही.

"एकही नाही," हेर्मो खुर्चीत कोसळला. "बारा वर्षं मी मुष्टियुद्धापुढं क्रूस काढत होतो?"

"आणि म्हणून ती पोर अजून गातेय," मेदिंग म्हणाली. "तुझं पुण्य वाया गेलेलं नाही."

सव्वातीन झाले होते. पुराची टेप कोरी निघाली तरच सांतो सुटणार होता आणि बाकीच्या पंचवीस वाचणार होत्या. हेर्मोनं यंत्राकडे पाहिलं आणि मान हलवली. "माझ्यानं नाही होणार, मेदिंग. मी पण हसलोय त्याच्यावर."

"तू कशाला? माझा भाऊ आहे, मीच करते. त्यांना तेच तर हवं असतं, आपल्याच हातांनी करून घ्यायचं!"

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून लांब ठेवलं, कारण यंत्राच्या लोहचुंबकानं घड्याळ बंद पडतं. मग डबा उघडला आणि चकती ठेवली. एकदाच लावून बघावी असं फार वाटलं, पण वेळ नव्हता. बटण दाबलं. घुमण्याचा आवाज हाडांत शिरला आणि थांबला. तिनं टेप पुन्हा डब्यात घातली आणि इतक्या जोरानं झाकण लावलं की बोट चेंगरलं.

चार वाजता मेजरनं टेप लावायला सांगितली. पडद्यावर मुंग्या.

"जुलैच्या पुरात खालची फळी भिजली होती, मेजरसाहेब," मेदिंग म्हणाली. "बाकीच्याही तशाच असणार."

"मी वाळवून बघतो सगळ्या. वेळ लागेल," हेर्मो जमिनीकडे बघत पुटपुटला. आयुष्यातलं ते त्याचं पहिलं खोटं असावं.

मेजरनं च्यक् केलं. "देशाचा ठेवा सांभाळता येत नाही तुम्हा लोकांना! बेशिस्त, दुसरं काय." तीन आठवडे ठेवा पुसून घेणाऱ्याच्या तोंडून हे ऐकायचं, आणि वर माफी मागायची. मेदिंगनं मागितली. शेवटी मिस्सा छावणीशेजारच्या चर्चमधून थेट दाखवायचं ठरलं.

सांतो नाताळाच्या आदल्या दिवशी घरी आला. केस खांद्यापर्यंत वाढलेले, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट. जाहीरपणे तोंड उघडणार नाही आणि दर सोमवारी हजेरी लावीन, असं लिहून देऊन आला होता. मेदिंगनं केळीच्या पानावर भाजलेली तांदळाची गोड बिबिंका पुढं ठेवली. त्यानं एक घास घेतला आणि केळीच्या पानाकडे बघत राहिला. शेजारची पोरं दारात आली, "सांतोदादा, न्हावी करा ना!" त्यानं मान फिरवली. पोरं हिरमुसून गेली.

"ताई," तो म्हणाला, "पुराची टेप राहिली का गं?"

"नाही. मी पुसली."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. नुसती मान डोलावली. जणू कुणी सांगितलं, आज पाव संपला. त्या मान डोलावण्यानं मेदिंगच्या मस्तकात तिडीक गेली. तीन महिन्यांत या बडबड्या पोराला असं डोलायला शिकवलं होतं त्यांनी! तिनं कात्री काढली, पलंगावरची चादर ओढून त्याच्या गळ्याभोवती बांधली आणि त्याला स्टुलावर दाबून बसवलं.

"पूर? कुठाय पूर? मला तर दिसत नाही," ती नेत्याच्या जाड आवाजात म्हणाली आणि मागची बट कापली. "बरोबर आहे साहेब!" तिनं पायानं नसलेला दांडा दाबला. "पाणी? ही तर विरोधकांची अफवा!" पुन्हा दांडा. एकूण एक वाक्य तिला येत होतं. कॅमेरावाल्याचा हात हलला तिथं तिनंही मान हलवली. सांतोचे खांदे चादरीखाली ताठ झाले होते. पोरं पुन्हा दारात जमली.

शेवटचं वाक्य आलं. "साहेब, आता तुमचे केस कापायला मला तुमच्यापर्यंत पोचता येत नाही..." मेदिंग थांबली. कात्री हवेत धरून म्हणाली, "पुढचं काय होतं रे? विसरले बाई."

सांतोनं दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. आवाज घोगरा होता, पण शब्द नीट आले.

"आणि साहेब, तुम्हाला खाली उतरता येत नाही."